इनामगावचा कुंभार गावाच्या कडेला का राहायचा?

घोडकाठ

मागच्या रविवारी इनामगावला जाऊन आलो. न्हावऱ्याला लग्न होतं. जेवणं उरकली, तीनेक तास मोकळे होते, मग गाडी काढली. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. सगळीकडे ऊस. विचारत विचारत पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडापाशी पोचलो तर तिथे एक आजोबा शेळ्या घेऊन बसलेले. म्हणाले, "कॉलेजवाले यायचे आमच्या वेळंला. आता कोन येत न्हाई."

हे कॉलेजवाले म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. १९६८ ते १९८३ अशी जवळजवळ पंधरा वर्षं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे पुरातत्त्वज्ञ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इथे खोदकाम केलं. खालच्या थरात साधारण इसवीसनपूर्व १६०० ची माळव्याकडून आलेल्या लोकांची वस्ती लागली. त्यावर इ.स.पू. १४०० ते १००० आरंभीची जोर्वे (खास भांड्यांवरून ओळखतात तो काळ), आणि त्याच्यावर ७०० पर्यंतची उत्तर, म्हणजे नंतरची, जोर्वे. नऊशे वर्षं एकाच जागी नांदतं गाव. शंभराहून जास्त घरं उघडी केली होती. आज वर काही दिसत नाही. माती आणि बाभळी.

पण पावसाने धुतलेल्या एका घळीत बोटभर लांबीचं खापर दिसलं. तांबूस, पातळ, वर काळ्या रेघा. तीन आडव्या आणि त्यांना छेदणाऱ्या तिरक्या. रेघ जिथे सुरू झाली तिथे रंगाचा ठिपका जाड पडलाय आणि पुढे ब्रश (किंवा काडी, जे असेल ते) कोरडा होत गेलाय, हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रंगात काडी बुडवली आणि नीट निथळली नाही. मी पाच मिनिटं तिथेच उकिडवा बसून होतो.

आता मूळ प्रश्न. घरी येऊन इनामगावबद्दल जमेल तेवढं वाचलं. त्यात असं आहे की गावाच्या मध्यभागी मोठ्या शेतकऱ्यांची घरं, त्यातलं एक पाच खोल्यांचं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं असावं असं मानतात. आणि कुंभार, सोनार, मणी घडवणारा, हस्तिदंतवाला, चुना भाजणारा हे सगळे पश्चिमेच्या कडेला. म्हणजे गावकुसाला. तेव्हाच बलुतेदारी आणि उतरंड सुरू झाली होती असं समजायचं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नुसताच वाचक

वाचतोय. फोटो टाका की राव.

तांबडी माती

छान लिहिलंय. पहिला प्रश्न: खापर उचललंत की तिथेच ठेवलंत?

घोडकाठ

तिथेच. शप्पथ. उचलायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. फोटो मोबाइलवर आहे, इथे चढत नाहीये. फाइल मोठी आहे म्हणतंय.

तांबडी माती

बरं केलंत. खापर जागेवरून हललं की ते कुठल्या थरातलं, कुठल्या घरातलं, सगळं गेलं. मग उरतो दिवाणखान्यातला तुकडा.

मी काही वर्षं पुरातत्त्व शिकले, आता वेगळ्याच नोकरीत आहे, पण खापरं धुण्याची सवय हातात राहिलीय. तुम्ही वर्णन केलंय ते जोर्वेच. तांबूस किंवा नारिंगी, चकाकी नसलेला पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. चाकावर केलेलं, पातळ, पक्कं भाजलेलं. टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो. आकारही ठराविक: मधे कंगोरा असलेले वाडगे, रुंद काठाचे घट, आणि या लोकांचं खास भांडं म्हणजे बाजूला लांब नळीसारखी तोटी असलेलं तांब्यासारखं पात्र. धुताना अशी तोटी हातात आली की आमच्यात आरडाओरडा व्हायचा.

नाव 'जोर्वे' पडलं ते नगर जिल्ह्यातल्या संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. तिथे १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं. पुढे अशीच भांडी नेवासे, दायमाबाद, चांडोली, सोनगाव, प्रकाशे इथेही सापडत गेली. कोकणचा पट्टा आणि विदर्भाचा बराच भाग सोडला तर उरलेल्या महाराष्ट्रात हीच भांडी.

प्रवराकाठी

जोर्वे आमचं! म्हणजे माझं आजोळ. पण लहानपणी कुणी सांगितलं नाही की आपल्या गावाच्या नावाने एक अख्खा काळ ओळखला जातो. शाळेच्या पुस्तकात हडप्पा, मोहेंजोदडो पाठ केलं आणि प्रवरेत पोहताना पायाला खापरं टोचायची ती शिव्या घालत बाहेर फेकली. आता वाईट वाटतं.

दायमाबादचं मात्र ऐकून होतो. १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना तिथे तांब्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. एकेक चांगलं वजनदार. रथात माणूस उभा आहे आणि तो हाकतोय. आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात.

शंकासुर

धागा रोचक आहे. पण शीर्षकापासूनच मला शंका आहे (नावाला जागतोय).

१. 'गावप्रमुखाचं घर' हे कशावरून? पाच खोल्या होत्या म्हणून? एकत्र कुटुंब असेल. माझ्या चुलत्यांच्या वाड्यात नऊ खोल्या होत्या आणि त्यांना गावात कुणी विचारत नव्हतं.

२. 'कुंभाराचं घर' हे कशावरून? प्रत्येक घरात मडकी असणारच की.

३. विद्वान लोक १९७० साली खोदकाम करतात, आजूबाजूला पाटील-कुलकर्णी-बलुतेदार असलेलं गाव बघतात, आणि तीन हजार वर्षांपूर्वीही तेच दिसतं. आरशात बघून इतिहास लिहिल्यासारखं आहे हे.

तांबडी माती

@शंकासुर, तिसरा मुद्दा रास्त आहे. तो अभ्यासकांनीही मांडलाय.

दुसऱ्याचं उत्तर सोपं. कुंभाराचं घर मडक्यांवरून नाही ठरवत, भट्टीवरून ठरवतात. इनामगावला भाजणीची गोल भट्टी मिळाली आहे. सोनाराच्या, मणीवाल्याच्या घराचंही तसंच, कामाचा कचरा आणि अवजारं मिळतात. दगडाचे अर्धवट छिद्र पाडलेले मणी कुणी हौसेने घरात ठेवत नाही.

पहिल्याबद्दल: नुसत्या खोल्या नाहीत. शेजारी कोठार आहे. आणि त्याच घराच्या अंगणात ते प्रसिद्ध चार पायांचं दफन आहे. मातीचा मोठा रांजण, फुगीर पोटाचा, खाली चार जाड पाय, एकूण घाट माणसाच्या धडासारखा. आत साधारण चाळिशीचा पुरुष, मांडी घालून बसवलेला. इथल्या बाकी मोठ्या माणसांना उताणं, डोकं उत्तरेला करून पुरायचे आणि घोट्याच्या खालून पाय तोडायचे. या माणसाचे पाय शाबूत आहेत. एवढा मान ज्याला मिळाला तो गावातला कुणीतरी मोठा असणार असा तर्क आहे. तर्कच आहे, पण हवेत नाही.

माईंची लेक

पाय तोडायचे???

तांबडी माती

हो. नेवाशालाही तसंच आढळलंय. मेलेला माणूस उठून चालत जाऊ नये, घरातच राहावा म्हणून, असा अंदाज करतात. पुरायचे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात.

नुसताच वाचक

रात्री साडेअकराला हे वाचायला नको होतं.

चाकधर

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतो, आज सदस्यत्वाचा पासवर्ड शोधून काढला. आमचं घर कुंभाराचं. वडील चाकावर होते, मी थोडाफार करतो, बाकी वेळ दुकान. मला विद्वत्तेचं कळत नाही पण कुंभार कडेला का राहतो याचं उत्तर कुंभाराला कुणी विचारलं का?

आवा (मडकी भाजायची रास) लावला की धूर किती होतो हे ज्याने बघितलंय त्याला प्रश्न पडणार नाही. आधी लीद-गोवऱ्यांचा थर, त्यावर मडकी उपडी रचायची, मधे मधे परत गोवऱ्या, वरून पेंढा, त्यावर राख आणि फुटकी खापरं. रात्रभर धुमसतं. पहिले चार तास तर पांढरा धूर नुसता. आमच्या शेजारणीने एकदा माझ्या आईला दारात येऊन जे ऐकवलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. आणि ठिणगी. शेजारी गवताची छपरं असतील तर एका ठिणगीत गाव जाईल. त्यांची घरं कुडाचीच होती ना?

दुसरं, पश्चिम का. आवा पावसाळ्यात कुणी लावत नाही. दसऱ्यानंतर माती काढायची, थंडीत भाजायला सुरुवात. थंडीत आमच्याकडे वारा उगवतीकडून असतो. म्हणजे मावळतीच्या अंगाला आवा असला की धूर गावावर येत नाही, शिवारात जातो. झालं. यात उतरंड कुठनं आली? उतरंड आम्ही मडक्यांची लावतो.

घोडकाठ

दंडवत घ्या. हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

माईंची लेक

"उतरंड आम्ही मडक्यांची लावतो" 😀 वाक्य चोरणार आहे.

शंकासुर

@चाकधर, आवडलं. पण सवयीने एक खोच: उन्हाळ्यात तर दुपारनंतर वारा पश्चिमेचाच असतो. आणि माठांचा हंगाम उन्हाळाच. मग?

चाकधर

दुपारी आवा लावणारा कुंभार दाखवा मला. दिवस मावळल्यावर वारा पडतो, तेव्हा विस्तव दाखवायचा. वाऱ्यात आवा लावला तर एका अंगाची मडकी जळतात, दुसऱ्या अंगाची कच्ची राहतात आणि मधली तडकतात. आणि उन्हाळ्यात विकायचे माठ माघ-फाल्गुनात भाजून तयार लागतात. चैत्रात भाजत बसलो तर विकणार कधी?

शंकासुर

हत्यारं खाली ठेवतो.

तांबडी माती

चाकधर यांचं स्पष्टीकरण मला फार पटतंय, तरी पूर्ण नाही. चुनेवाला आणि कुंभार धुरामुळे कडेला, ठीक. सोनाराचं काय? मणी घडवणाऱ्याचं काय? त्यांच्या कामात गावाला त्रास होईल असा धूर नाही. तरी तेही त्याच बाजूला. कडेला राहण्याला कारण धंद्याचं असेल, पण सगळे कारागीर एकाच अंगाला आणि कोठारवाले मधे, याला काहीतरी अर्थ असावा. आणि एक लक्षात ठेवायला हवं, पांढरीचं अख्खं टेकाड खोदलेलं नाही. न खोदलेल्या भागात काय आहे कुणास ठाऊक.

चाकधर

सोनाराचं सोनाराला विचारा ताई 🙂

टेक्सासचा पावटा

ह्यूस्टनहून रामराम. इथे मी शनिवारी मातीकामाच्या वर्गाला जातो (बायको म्हणते चाळिशीचं खूळ). हा धागा वाचून जोर्वेचं तोटीचं भांडं करायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेचा अहवाल:

पहिलं: तोटी लावली, वाळताना सांध्यातून गळून पडली. दुसरं: तोटी टिकली, भट्टीत सांध्याला केसाएवढी चीर, पाणी ओतलं तर ते तोटीतून न येता खालून पायावर. तिसरं: तोटी सरळ आली पण एवढी खाली लागली की भांडं अर्ध्यावर भरलं की आपोआप गळायला लागतं. शिक्षिका म्हणाल्या, सुंदर आहे, फुलं ठेवा यात.

मला विजेचं चाक, पिशवीतली तयार माती, तापमान दाखवणारी भट्टी, सगळं आहे. त्या माणसाकडे काय होतं? 

चाकधर

पावटेसाहेब, तोटी आणि भांडं एकाच ओलीचं पाहिजे. तुम्ही भांडं आज केलं आणि तोटी उद्या, असं केलंत ना? भांडं अर्धं सुकून आकसलेलं असतं, तोटी ओली असते, ती मागून आकसते आणि सांधा सोडते. दोन्ही एका दिवशी करा, एका सावलीत ठेवा. चामड्यासारखी झाली की भांड्याला भोक पाडा, दोन्हीकडे ओरखडे काढा, त्याच मातीचा चिखल लावून बसवा, आणि सांध्यावर ओलं फडकं गुंडाळून ठेवा म्हणजे तो बाकीच्यापेक्षा आधी सुकणार नाही.

आणि तोटीचं टोक भांड्याच्या तोंडाच्या बरोबरीला आलं पाहिजे. चहाची किटली बघा घरात.

टेक्सासचा पावटा

एका दिवशी केली नव्हती. गुरुदक्षिणा काय पाठवू?

प्रवराकाठी

तोटीच्या भांड्यातून प्यायचे काय? ताक की 'ती'?

तांबडी माती

बारीक धारेने ओतायचं काहीतरी, एवढंच नक्की. काय खायचे ते जास्त माहीत आहे. मुख्य धान्य सातू. त्याखालोखाल गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट काढला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता, म्हणजे गव्हासारखी पाणी मागणारी पिकं त्यावर. गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळायचे आणि हरणं मारून खायचे. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा डोळ्यांसमोर आणू नका. मिरची यायला अजून अडीच हजार वर्षं होती.

प्रवराकाठी

मिरचीशिवाय हुलग्याचं माडगं. अरेरे.

घोडकाठ

गाडी रुळावर आणतो. ताई, मला उत्तर जोर्वेबद्दल विचारायचं होतं. इ.स.पू. १००० च्या सुमारास असं काय झालं की घरं लहान झाली? आधी चौकोनी, ऐसपैस, रांगेत, मधे बोळ. नंतर गोल झोपड्या दाटीवाटीने.

तांबडी माती

ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला. लागोपाठ दुष्काळ. धान्य कमी, शिकार जास्त, माणसं शेतीकडून मेंढपाळीकडे सरकली. त्या सुमारास बाकीची बरीच जोर्वे गावं उठली, प्रवरेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यातली तर जवळजवळ सगळी. इनामगाव आणि भीमेच्या खोऱ्यातली आणखी काही टिकली, पण ओढगस्तीत. भांड्यांतही ते दिसतं. आकार तेच, पण माती जाडी, नक्षी कमी आणि घाईची. हवामानाचं कारण सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण गरिबी आली होती हे थरांतच दिसतं.

चाकधर

यावर एक बोलू? दुष्काळात कुंभाराचं पहिलं काय जातं माहीत आहे? जळण. माती असते, ती कुठे जात नाही. पण गुरं विकली की शेण नाही, शेण नाही तर गोवऱ्या नाहीत, पेंढा गुरांनाच पुरत नाही. मग आवा लहान लावायचा, कमी वेळ ठेवायचा. कमी भाजलेलं मडकं टिकावं म्हणून जाड करायचं. ७२ च्या दुष्काळात आजोबांनी तसेच माठ केले होते. त्यातला एक घरी आहे. टिचकी मारली की बद्द वाजतो. त्याच हाताचा ६८-६९ चा रांजण खणखणीत वाजतो. हात तोच होता.

शंकासुर

हे मी दोनदा वाचलं.

माईंची लेक

मला एक विचारायचं होतं, केव्हापासून टाळतेय. लहान मुलांच्या दफनाबद्दल वाचलं होतं. मडक्यात ठेवायचे ना?

तांबडी माती

हो. दोन घट आडवे, तोंडाला तोंड लावून, त्यात मूल. घराच्या जमिनीखालीच पुरायचे, शेजारी लहानसा वाडगा किंवा तोटीचं भांडं ठेवलेलं असायचं. सापडलेल्या दफनांत मोठ्यांपेक्षा लहान मुलांचीच जास्त आहेत. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, तिचा दोरा गंजात टिकून राहिला. कापूस आणि रेशीम.

माईंची लेक

ते घट त्या नक्षीच्या जातीतले का?

तांबडी माती

नाही, ते बहुतेक राखाडी. जाड, वर घोटून गुळगुळीत केलेले, आणि चाकावरचे नाहीत, हाताने घडवलेले. रोजच्या रांधण्या-साठवणीची भांडीही त्या जातीत असायची.

माईंची लेक

म्हणजे कुंभाराने नाही, घरातल्या बाईने केलेली असू शकतील?

तांबडी माती

असू शकतील. सिद्ध करता येणार नाही. हातकामाची भांडी बायका करतात हे जगात बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतं, पण म्हणून इनामगावलाही तसंच, असं लिहिलं तर माझे जुने सर कान धरतील. राखाडी रंगाचं मात्र सांगता येतं. भाजताना हवा कोंडली की राखाडी, हवा खेळती राहिली की लाल. म्हणजे भाजायची पद्धतच वेगळी.

चाकधर

आमच्यात बायका चाकाला हात लावत नाहीत. आजी म्हणायची, चाक पुरुषाचं, थापटणं दोघांचं, माती बाईची. माती तुडवायची, चाळायची, लीद मिसळायची, रंग द्यायचा ते सगळं तिच्याकडे. चुली आणि परळ ती हातानेच करायची, आणि आजोबांच्या मडक्यापेक्षा जास्त टिकायचं तिचं.

माझ्या पाठचा एक भाऊ होता, महिन्याचा असताना गेला. मी चार-पाच वर्षांचा असेन. तेव्हा तान्ह्या मुलाला पुरतात. आजीने रात्रीत एक बोळकं केलं होतं हाताने, दूध घालायला. घरात शंभर बोळकी पडलेली, विक्रीची, चाकावरची. आजोबा म्हणाले त्यातलं घे की. ती म्हणाली, ते बाजाराचं आहे. भाजायलाही वेळ नव्हता, तसंच कच्चं नेलं.

माईंची लेक

🙏

घोडकाठ

काय बोलू.

तांबडी माती

चाकधर, एक सांगते. तो चार पायांचा रांजण, ज्यात तो माणूस बसवलाय, तोही कच्चा आहे. न भाजलेला. आणि त्याच गावात जमिनीखाली मातीच्या डबीत ठेवलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली, सोबत दुसरी बिनडोक्याची आणि एक बैल, तेही सगळं कच्च्या मातीचं. शिकत असताना आम्ही यावर बराच वाद घातला होता की का भाजलं नसेल. मोठा रांजण भाजता येत नसेल असं एकजण म्हणायचा.

चाकधर

रांजण भाजतात की. आडवा घालून भाजतात. येत नव्हतं म्हणून नाही राहिलेलं ते. भाजलेलं मडकं मातीत जात नाही. कच्चं जातं.

शंकासुर

गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट आठवली. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते सांगितलं आणि नामदेव रागावले. आपल्याकडे कच्चं म्हणजे कमअस्सल असंच ऐकत आलो. हा कोन सुचला नव्हता.

टेक्सासचा पावटा

चौथ्या भांड्याची तोटी आज चिकटली. अजून ओलं फडकं काढलेलं नाही. शनिवारी भट्टीत जाईल.

नुसताच वाचक

घोडकाठ, फोटोची साइज कमी करून टाका हो, अजून आला नाही.

घोडकाठ

करतो. बादवे, तो चार पायांचा रांजण प्रत्यक्ष बघायचा असेल तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जायचं ना? रविवारी उघडं असतं का?

तांबडी माती

हो, येरवड्याला. जाण्याआधी फोन करून विचारा, सुट्ट्यांचं सांगता येत नाही. आणि चाकधरांना सोबत न्या. मी पण येईन.

चाकधर

पौर्णिमेनंतर या. त्याच्या आधी आवा लावायचा आहे, दोनशे माठ आहेत. आणि येताना कुणीतरी गोवऱ्या मिळतील का बघा, यंदा फार महाग आहेत.